सामायिक संगणकावर पेन ड्राइव्ह: प्रशासकाचा पासवर्ड न देता वाचकांना कसा वापरू द्यावा?

प्रश्न (वाचनालय-संगणक)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे संगणक सांभाळतो. उबंटू २४.०४ (लिनक्सवर आधारित प्रणाली) असलेला एक मुख्य संगणक कार्यालयात आहे आणि अभ्यासिकेतील दोन जुन्या संगणकांवरून मुले एक्सआरडीपीमार्फत (दूरच्या संगणकाचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर आणणारा प्रोग्राम) त्याच मुख्य संगणकावर लॉगिन होतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ही मुले जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन येतात. ती कार्यालयात येऊन पेन ड्राइव्ह मुख्य संगणकाला लावतात आणि आपल्या जागेवर जाऊन तो उघडू पाहतात. त्या वेळी मुख्य संगणकासमोर कोणी बसलेले नसेल, तर प्रशासकाचा पासवर्ड मागणारी चौकट येते. कोणी बसलेले असेल, तर पेन ड्राइव्ह परस्पर त्या व्यक्तीच्या नावावर उघडतो आणि मुलाला तो वाचताच येत नाही.

यावर उपाय म्हणून पूर्वी कोणीतरी सर्व खात्यांना सुडोचा (म्हणजे स्वतःच्या पासवर्डने प्रशासकाची कामे करण्याचा) अधिकार देऊन ठेवला होता. मागच्या महिन्यात एका मुलाने आपला पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना यादीतील चुकीची ओळ निवडली, पासवर्डच्या चौकटीत स्वतःचाच पासवर्ड घातला आणि डिस्कच्या ज्या विभाजनावर (भागावर) आमच्या दाखल नोंदवहीची स्कॅन केलेली पाने होती ते पुसले गेले. पंधरा दिवसांपूर्वीची प्रत होती म्हणून बहुतेक पाने परत मिळाली. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण तो अधिकार त्याच्या हाती असायलाच नको होता. आता सुडो काढून घेतला आहे, पण मुलांची अडचण तशीच आहे. काय करावे?

उत्तर १ (जुना-युनिक्सवाला)

पूर्वापार मार्ग एफएसटॅब फाइलचा (कोणती डिस्क कुठे, कशी जोडायची याची यादी) आहे. तिथे त्या उपकरणाची एक ओळ लिहून ‘नोऑटो’ आणि ‘युजर’ हे पर्याय दिले की सामान्य वापरकर्ता ते स्वतः माउंट करू (म्हणजे वापरासाठी जोडू) शकतो. ‘युजर’ दिल्यास ज्याने माउंट केले त्यालाच (आणि अर्थात रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला) ते काढता येते, तर ‘युजर्स’ दिल्यास कोणालाही काढता येते. या दोन्ही पर्यायांबरोबर नोएक्झेक (त्यावरील प्रोग्राम चालू नयेत), नोसुइड (सेटयूआयडी बिट मानू नये) आणि नोडेव्ह (उपकरण-फाइली मानू नयेत) ही तीन बंधने आपोआप लागू होतात. त्यांतले नोसुइड सर्वांत मोलाचे आहे. एखाद्याने घरच्या संगणकावर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-मांडणी) पेन ड्राइव्हमध्ये रूटच्या मालकीची, सेटयूआयडी बिट (प्रोग्राम चालवणाऱ्याला मालकाचे अधिकार देणारी खूण) लावलेली शेलची (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामची) प्रत ठेवून आणली, तर हे बंधन नसलेल्या संगणकावर ती चालवून तो रूट होऊ शकेल.

पेन ड्राइव्हची फाइल-मांडणी फॅट किंवा एक्सफॅट असेल तर त्यावर फाइलची मालकी नोंदवलेलीच नसते. ती माउंट करताना यूआयडी (मालक कोण) आणि यूमास्क (कोणती परवानगी काढायची) या पर्यायांनी ठरते. फॅटसाठी यूटीएफ८ हा पर्यायही आठवणीने लिहावा, नाहीतर मराठीत नाव दिलेल्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते.

उत्तर २ (यंत्रणा-सेवक)

वरील माहिती बरोबर आहे, परंतु या ठिकाणी ती अपुरी पडेल. एफएसटॅबची ओळ ठरावीक उपकरणासाठी असते. येथे रोज वेगळा पेन ड्राइव्ह येतो, आणि आज एसडीबी या नावाने दिसलेला उद्या एसडीसी या नावाने दिसू शकतो.

उबंटूच्या डेस्कटॉपवर हे काम यूडिस्क्स ही सेवा करते आणि परवानगी द्यायची की नाही ते पोलकिट ही दुसरी सेवा ठरवते. पोलकिट पाहते की मागणी करणारा या संगणकाच्या पडद्यासमोर, चालू सत्रात बसला आहे का. बसला असेल तर बाहेरून लावलेले उपकरण त्याला पासवर्डविना मिळते. एक्सआरडीपीतून आलेल्या मुलाच्या सत्राला मुख्य संगणकावर अशी जागाच (सीट) नसते, म्हणून ती चौकट येते. हा बिघाड नाही. संगणकाच्या आतील डिस्कसाठी आणखी वेगळी, अधिक कडक परवानगी असते आणि ती मागताना समोर बसलेल्यालाही प्रशासकाचाच पासवर्ड द्यावा लागतो. म्हणजे त्या मुलाचे खाते साधे असते, तर नोंदवहीचे विभाजन पुसण्याआधी चौकटीने तुमचा पासवर्ड मागितला असता आणि गोष्ट तिथेच थांबली असती.

उबंटू २४.०४ मध्ये पोलकिटच्या रूल्स फोल्डरात जावास्क्रिप्टमधील छोटा नियम लिहून ठरावीक गटाला दूरच्या सत्रातूनही माउंट करण्याची मुभा देता येते. त्यात साध्या माउंटबरोबर ‘दुसऱ्या सीटवरील माउंट’ ही कृतीही लिहावी लागते. ती राहून गेल्यामुळे नियम चालत नाही असे अनेकांना वाटते. आतील डिस्कची कृती मात्र त्यात मुळीच घालू नये.

तरीही हा नियम लावण्याआधी तुम्ही विचार करावा, असे मला मनापासून वाटते. तो लावल्यावर अभ्यासिकेतील मुलगी कार्यालयातून आपल्या जागेपर्यंत चालत येईपर्यंत तिचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या कोणीही आपल्या सत्रात उघडू शकेल. त्यात तिचे आधार कार्ड असेल, घरचे फोटो असतील. पेन ड्राइव्ह जिथे माणूस बसला आहे तिथेच लागला पाहिजे.

प्रश्नकर्ता

हा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. पण जुन्या संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह मुख्य संगणकावरील सत्रात कसा दिसेल?

उत्तर ३ (यंत्रणा-सेवक)

जुन्या संगणकावर मूल खरोखरच पडद्यासमोर बसलेले असते, त्यामुळे तिथे पेन ड्राइव्ह विनापासवर्ड उघडतो. तिथून जोडणीसाठी रेमिना (दूरच्या डेस्कटॉपला जोडणारा प्रोग्राम) वापरत असाल, तर जोडणीच्या मांडणीत फोल्डर सामायिक करण्याची सोय आहे. त्या संगणकावरील खात्याचे, ‘मीडिया’ फोल्डरखालचे (पेन ड्राइव्ह जिथे उघडतात ते) फोल्डर तिथे निवडा. एक्सआरडीपी ते मुख्य संगणकावर त्याच मुलाच्या होम फोल्डरमध्ये एक उपफोल्डर म्हणून दाखवते. त्याचे नाव सेसमनच्या (एक्सआरडीपीची सत्रे सांभाळणाऱ्या भागाच्या) मांडणी फाइलमध्ये ठरवता येते. मुख्य संगणकावर कोणताही नवा अधिकार द्यावा लागत नाही.

प्रश्नकर्ता

आज दोन्ही संगणकांवर करून पाहिले. पहिल्यावर लगेच चालले. दुसऱ्यावर फोल्डर रिकामे दिसत होते, कारण मी मीडियाखाली चुकीच्या खात्याचे नाव निवडले होते. ते बदलताच एका विद्यार्थिनीच्या पीडीएफ मराठी नावांसकट दिसल्या. पोलकिटचा नियम लावलेला नाही. मुख्य संगणकाजवळ ‘पेन ड्राइव्ह आपल्या जागेवरील संगणकालाच लावावा आणि इजेक्ट करूनच काढावा’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. दाखल नोंदवहीची प्रत आता पंधरवड्याऐवजी रोज रात्री निघते.