'प्रायमर' (२००४): उत्तरार्धात नक्की किती ॲरन आहेत?

खाडीकाठ, ठाणे
कोलशेतच्या आमच्या सोसायटीत क्लबहाउसमध्ये दर महिन्याला एक सिनेमा दाखवतात. या वेळी शेन कॅरुथचा 'प्रायमर' ठरलाय. एब आणि ॲरन या दोन इंजिनिअर मित्रांच्या हाती काळात मागे नेणारी पेटी लागते, त्याचा हा सिनेमा. पेटीत शिरायचं आणि मागे जायचं, इथपर्यंत कळतं. पण एब ती दुसरी, लपवून ठेवलेली पेटी वापरून बाकावर बसलेल्या ॲरनकडे येतो, तिथून पुढे धागा सुटतो. ॲरन कानात काय ऐकत असतो? माळ्यावर कोण आहे? एकूण ॲरन किती? शिवाय, टाइम ट्रॅव्हल म्हणजे बटण दाबलं की हव्या त्या साली पोचायचं, एवढीच ज्यांची कल्पना आहे त्यांना आधी काही समजावून सांगावं की नाही? जाणकारांनी सविस्तर लिहा. कथानक उघड झालं तरी हरकत नाही.

वागळेचा गाळा
आधी पेटीचे दोन नियम पक्के करा. पेटी ज्या क्षणी सुरू केली तिथपर्यंतच मागे जाता येतं, त्याआधी नाही. आणि जितके तास मागे जायचं, तितके तास आत पडून काढावे लागतात.

ही पेटी वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात आहे असं समजा आणि आपल्या शेअरबाजाराची वेळ धरा, ९:१५ ते ३:३०. सकाळी ८:३०ला १५ मिनिटांचा टायमर लावून तुम्ही निघायचं. पेटी ८:४५ला आपोआप सुरू होईल. तोवर तिथून लांब जायचं, कारण ८:४५ला त्याच पेटीतून दुपारचे तुम्ही बाहेर पडणार आहात आणि दोघांची गाठ पडता कामा नये. मग येऊरच्या बाजूला कुठे खोली घेऊन दार लावून बसायचं, फोन बंद, कुणाशी बोलायचं नाही. बाजार बंद झाला की कोणता शेअर चढला ते बघायचं. (एब-ॲरन उलाढाल भरपूर असलेले मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचे शेअर निवडतात, त्यामुळे त्यांची खरेदी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.) ३:४५ला ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन पेटीत शिरायचं, सात तास आत काढायचे, की बाहेर सकाळचे ८:४५. सव्वानऊला ऑर्डर टाकायची. त्या दिवशी ३:४५पर्यंत ठाण्यात तुम्ही दोघे असता. खोलीतला तुम्ही पेटीत शिरला की मग एकच उरता.

यात बिघडतं काय? एक म्हणजे शरीर. सात तास खोलीत, सात पेटीत, सात पुन्हा बाहेर. म्हणजे घड्याळाचा दिवस २४ तासांचा असला तरी तुमचा ३८ तासांचा झाला. सिनेमात सहा तासांच्या फेऱ्या आहेत, म्हणून ते ३६ तासांच्या दिवसाबद्दल बोलतात. पुढे ॲरनच्या कानातून रक्त येतं, दोघांचं अक्षर बिघडतं. दुसरं म्हणजे फोन. पहिल्या फेरीत हॉटेलात वाजलेला फोन दुसऱ्या फेरीत ॲरनच्या खिशात वाजतो. एकाच नंबरचे दोन फोन त्या वेळी गावात आहेत. नेटवर्कने याला गाठलं असेल तर हॉटेलातला वाजलाच नसेल, म्हणजे घडून गेलेला दिवस बदलला. माझ्या मते हा या सिनेमातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग आहे, आणि तिथे पार्श्वसंगीत वाढवून काही ठसवायचा प्रयत्नही नाही.

घणसोली लोकल
वरचे नियम डोक्यात ठेवले की उत्तरार्ध उलगडतो. स्वतः पहिल्यांदा मागे जाण्याआधी एबने एक जादा पेटी सुरू करून ठेवलेली असते. काही विपरीत झालंच तर थेट आरंभाला जाता यावं म्हणून. ती दिवसचे दिवस चालू राहते, त्यामुळे तिच्यातून यायला आतही तितकेच दिवस काढावे लागतात. म्हणून बाकापाशी पोचल्यावर एब कोसळतो.

पण ॲरनला या पेटीचा पत्ता आधीच लागलेला असतो. पेट्या घडी करता येतात हे संवादात एकदाच येतं आणि तेच निसटतं. घडी केलेली पेटी घेऊन ॲरन त्या पेटीत शिरतो आणि एबच्या आधी आरंभाला पोचतो. म्हणून एबला वाटतं आपण पहिले, आणि समोरचा ॲरन आधीच तो दिवस जगून आलेला.

आता मोजा. पहिला ॲरन मूळचा. त्याला दुधातून गुंगीचं औषध देऊन माळ्यावर ठेवलंय. सुरुवातीला माळ्यावर जो आवाज येतो तो पुन्हा ऐका. दुसरा, ज्याने हे केलं आणि त्या दिवसांचे संवाद रेकॉर्ड केले. तिसरा त्याच्याही मागून आला. दोघांची झटापट झाली, तिसरा थकलेला होता, पण तडजोड होऊन दुसरा निघून गेला. बाकावरचा हा तिसरा. कानात, तो सांगतो तशी मॅचची कॉमेंटरी नाही, रेकॉर्ड केलेलं बोलणं आहे, म्हणजे पुढे कोण काय बोलणार हे त्याला आधी कळतं. आणि सिनेमाभर फोनवर जो निवेदन करतो तो दुसरा ॲरन.

तेव्हा निदान तीन. 'निदान' म्हणतो, कारण सिनेमातल्या एका पार्टीत बंदूक घेऊन येणाऱ्याला अडवायचा प्रसंग ॲरन किती वेळा जगला हे सिनेमा मोजून दाखवत नाही.

पारसिक
एबच्या मैत्रिणीचे वडील, थॉमस ग्रेंजर, त्याचं काय? वाढलेल्या दाढीसकट तो अचानक गाडीत दिसतो आणि एब जवळ गेला की बेशुद्ध होतो. त्याला पेटीबद्दल कुणी सांगितलं हे शेवटपर्यंत कळत नाही. लोक याला कथेची खोली म्हणतात, मला ही पटकथेतली उणीव वाटते. एवढा काटेकोर नियम लावणाऱ्या सिनेमाने एखादा तरी धागादोरा ठेवायला हवा होता.

वागळेचा गाळा
@पारसिक, मला ते योग्य वाटतं. आपल्या हातून पुढे कधीतरी काय होणार आहे, हे त्या दोघांनाही माहीत नाही. म्हणूनच तर एब घाबरून ती जादा पेटी गाठतो. ग्रेंजरचं कोडं सोडवलं असतं तर एबला पळायचं कारणच उरलं नसतं.

विज्ञानकथा वाचक, नेरुळ
काळाचे नियम सगळीकडे सारखे नसतात, हे आधी सांगितलंत तर सोसायटीतल्या लोकांना सोपं जाईल. नाचो विगालोंदोच्या 'टाइमक्राइम्स'मध्ये (२००७) जे घडलंय तेच घडतं, माणूस फक्त त्यात आपली जागा भरतो. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि वेगळाच इतिहास शेजारी उभा असतो. 'प्रायमर'मध्ये मागे जाऊन मूळच्या स्वतःला अडवलं तरी आलेला माणूस नाहीसा होत नाही, म्हणजे तो नारळीकरांच्या कथेच्या अधिक जवळचा. माळ्यावर ॲरनला कोंडलं तरी कोंडणारा शिल्लक राहतो, ते यामुळेच.

घणसोली लोकल
दाखवतानाच्या चार गोष्टी. सिनेमा ७७ मिनिटांचा आहे, मध्यंतर घेऊ नका. सबटायटल्स चालू ठेवाच, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि महत्त्वाचं वाक्य पुष्कळदा मागच्याच्या तोंडी असतं. सुपर १६ फिल्मवर साधारण ७,००० डॉलरमध्ये केलेला सिनेमा आहे, चित्राला ट्यूबलाइटची हिरवट-पिवळट झाक आहे. प्रोजेक्टरचा रंग बिघडलाय समजून सेटिंगला हात लावू नका. आणि ग्रेंजर गाडीत दिसेपर्यंत कुणाला काही समजावू नका. त्यानंतर थांबवायचाच असेल तर तिथे पाच मिनिटं थांबवून फळ्यावर आडवी रेघ ओढा, सोमवारपासूनचे दिवस मांडा, आणि जादा पेटी कुठून कुठपर्यंत चालू होती ते वेगळ्या रंगाने काढा.