मदत हवी आहे: बॉक चॉय परतताना पाण्यात पोहतो!

मंडळी, बॉक चॉय या चिनी पालेभाजीची कँटनी (दक्षिण चिनी) पद्धतीची साधी परतलेली भाजी करायचा प्रयत्न चालू आहे. तेल, ठेचलेला लसूण, आल्याच्या दोन चकत्या, मीठ; बस, एवढंच. पण तीनदा केली, तीनदा फसली.

देठ आणि पानं वेगळी करते. आधी देठ, मिनिटभराने पानं. तरी पानं पडली की कढईचा चर्र आवाज बंद होतो आणि तळाशी हिरवट पाणी साचतं. देठ कच्चा, पानांचा लगदा, आणि लसूण तोवर करपून कडू. (लसूण थंड तेलात घालावा का?)

धुतल्यावर पानं नीट निथळत नाहीत, हे एक कारण असावं. शिवाय अर्धा किलो एकदम टाकते, तिथेच कढई थंड होत असणार. दोन घाण्यांत करू का? की आधी उकळत्या पाण्यात तेल-मीठ घालून ३०-४० सेकंद काढून घ्यावी? गाय लानचे (चिनी ब्रोकोलीचे) जाड देठ तसेच करतात, पण चॉय समसारख्या कोवळ्या चिनी पालेभाजीलाही ते लागतं का?

आणि माझी कढई नॉनस्टिक आहे, म्हणजे फार तापवताही येत नाही. लोखंडी घेतल्याशिवाय जमणारच नाही का?