कोरोनाच्या वर्षात घरात हसू कशाने आलं? कोकणवाल्यांनो, लिहा

शिमगा आला. 2020 साली 9 मार्चला होळी लागली, पालख्या नाचल्या, लगेच 22 मार्चचा जनता कर्फ्यू आणि मग सगळंच बंद. त्या वर्षात माणसं गेली, पगार गेले, ते दुःख आहेच. पण खरं सांगतो, आमच्या घरात त्याच वर्षात जेवढं हसलोय तेवढं अलीकडे कधी हसलो नव्हतो, कारण नेहमी चार दिवसांसाठी येणारे चाकरमानी महिनोन्महिने राहिले. विसरायच्या आत लिहून ठेवूया. मी सुरू करतो.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. काका-काकी मे महिन्यात ई-पास मिळवून लालबागहून आले, तर गावाचा नियम 14 दिवस शाळेत. काका ज्या वर्गात चौथी शिकले त्याच वर्गात गादी घालून झोपले. काकीने काय हवं-नको ते फळ्यावर लिहायचं आणि आम्ही गडग्याबाहेरून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून वाचायचं. डबा आत द्यायचा कसा? बाबांनी आंबे काढायचा झेला आणला, जाळीत डबा ठेवला, बांबू उचलला आणि गडग्यावरून अलगद आत सोडला. पहिल्या दिवशी कुळथाची पिठी निम्मी गडग्याने प्यायली, पण नंतर बाबांचा हात असा बसला की बांगड्याची आमटी पण थेंब न सांडता जायला लागली, मग वाडीतले बाकीचे पण आपापल्या माणसांचे डबे बाबांकडेच आणून द्यायला लागले. आणि सगळ्यात धमाल म्हणजे काकांचे जुने गुरुजी शाळेसमोरच राहतात, आता खूप थकलेत, पण रोज संध्याकाळी पडवीत बसून तिकडून मोठ्याने काकांना पावकी-निमकी विचारायचे. काका बँकेतून रिटायर झालेला माणूस, पण उठून उभं राहून म्हणायचे आणि गुरुजींनी "बस खाली" म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. मला ते बघायला इतकं आवडायचं की डबा पोचला तरी मी तिथेच थांबायचो.

*

हर्णैजवळून लिहितेय. 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझे दीर, जाऊबाई आणि मुलं गोठ्याशेजारच्या खोलीत क्वारंटाईन होते. तिचे पत्रे उडाले, मग कसला क्वारंटाईन, सगळ्यांना घरात ओढलं. पण सासूबाई नियमाच्या पक्क्या, तशा वादळात त्यांनी माजघराच्या मधोमध तांदळाच्या पिठाची रेघ ओढली, मुंबईवाले पलीकडे आणि आपण अलीकडे. तेवढ्यात वरची कौलं गेली, वारा आत घुसला आणि रेघ सगळ्यांच्या डोक्यावर! सासूबाईंनी पांढऱ्याफटक नातवाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता काय अलीकडे नि पलीकडे, या सगळे जवळ." बागेतली सुपारी आडवी झाली, लाईट कित्येक दिवस नव्हती, तरी ते पीठ आठवलं की आजही आम्ही जावा-जावा हसतो. आजारी कोणी पडलं नाही, देवाची कृपा.

*

कुडाळकडे आमच्या मुलीचा ऑनलाईन वर्ग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर काजूखाली भरायचा, रेंज तिथेच. रोज हजेरीला म्हैस ओरडायची. मग बाई हजेरीत शेवटी तिचं पण नाव घ्यायला लागल्या आणि ती ओरडली की पोरं टाळ्या वाजवायची.

*

मालवण. 22 ऑगस्टला चतुर्थी, भटजींनी वाडीतल्या तीन घरांना एकाच व्हिडीओ कॉलवर पूजा सांगायला घेतली. "उजव्या हातात पाणी घ्या" म्हणाले आणि रेंज गेली. बाबा पाणी धरून बसले. शेजारचे भाऊ खळ्यात येऊन ओरडले, "अरे, पाणी सोडूचा काय पिवचा?" पलीकडच्या घरातून उत्तर, "आमच्या पण हातातच आसा!" शेवटी आजी उठली. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ऐकून ऐकून तिला सगळी पूजा पाठ, तिने ओटीवर उभं राहून खणखणीत आवाजात पुढचं सांगितलं आणि तिन्ही घरांतले गणपती तिच्या आवाजावर बसले. भटजींचा फोन लागला तेव्हा आरती चालू होती, ते तिकडून टाळ्या वाजवायला लागले. दक्षिणा ऑनलाईन गेली, आजीला तिन्ही घरांतून एकेक साडी आली. पुढच्या वर्षी भटजी आले तरी पूजा आजीनेच सांगायची असं ठरलं, भटजी म्हणाले मी झांज धरतो.