टोल्कीनच्या जगावरचं फॅनफिक्शन नक्की कोण लिहितं?

चांदणवेल :
'कॉलेजातल्या मुलींचा टाइमपास' हे फॅनफिकबद्दलचं, म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा सिनेमातली पात्रं घेऊन चाहते ज्या कथा लिहितात त्यांच्याबद्दलचं, मत ऐकून ऐकून कंटाळा आलाय आणि ते साफ चुकीचं आहे. २०१३ साली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे एओथ्री, या फॅनफिकच्या ऑनलाइन साठ्याच्या वापरकर्त्यांची एक अनौपचारिक पाहणी झाली होती. दहा हजारांवर उत्तरं आली. त्यात सुमारे ८० टक्के स्त्रिया, पुरुष जेमतेम ४ टक्के, सरासरी वय पंचवीसच्या आसपास. म्हणजे पोरीबाळींबरोबर नोकऱ्या आणि संसार सांभाळणाऱ्या बायकाही आल्याच.

आता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्कीनकडे बघा. 'द हॉबिट'मध्ये (१९३७) बोलणारी एकही स्त्री नाही. नायक बिल्बोच्या आईचा फक्त उल्लेख येतो. टोल्कीनच्या जगातल्या नूमेनोर या बेटावरच्या राज्याचा अख्खा राजवंश एल्रोसपासून सुरू झाला, पण त्याच्या बायकोचं नाव टोल्कीननं कुठेही दिलेलं नाही. एल्फांच्या तीन अंगठ्या घडवणाऱ्या केलेब्रिंबोरची आईही बिननावाची. वाचताना ज्यांना हे खुपतं, त्या लिहायला बसतात. स्त्रियाच जास्त लिहितात यामागे माझ्या मते हेच कारण आहे.

गडवाट :
८० टक्के कुणाचे? ज्यांनी उत्तरं दिली त्यांचे. शिवाय ती पाहणी अख्ख्या एओथ्रीची होती, टोल्कीनवाल्यांची वेगळी नव्हे. एओथ्रीवर खातं काढताना बाई की पुरुष हे कुणी विचारत नाही, त्यामुळे खरा आकडा कुणाकडेच नाही.

आणि रशियाचं काय? निक पेरुमोवनं १९९३ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पुढचा भाग लिहिला आणि तो छापून आला. पेशानं जीवाश्मशास्त्रज्ञ असलेल्या किरिल येस्कोवनं १९९९ मध्ये तीच लढाई मॉर्डोरच्या, म्हणजे मूळ कथेतल्या शत्रूच्या, बाजूनं सांगितली. दोघंही पुरुष. तुमच्या मोजणीत ते कुठेच नाहीत.

चांदणवेल :
गडवाट, ते मोजणीत नाहीत, कारण त्यांना कुणी फॅनफिकवाले म्हणतच नाही! येस्कोवचं पुस्तक रशियात कादंबरी म्हणून विकलं गेलं. इंग्रजीत टोल्कीनच्या वारसांचे हक्क आडवे येतात, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट फिरतं. मजकूर तोच, पण एकीकडे साहित्य आणि दुसरीकडे हौस. बाईनं लिहिलेलं मात्र पहिल्या ओळीपासून हौसच. मला राग आहे तो याचा.

पाणकावळा :
राग पटला, कारण पटलं नाही. बिननावाच्या बायकांना न्याय द्यायचा म्हणून लिहितात म्हणता, मग सर्वात जास्त कथा पुरुषांच्या जोड्यांवर का? २०१२ मध्ये 'हॉबिट'चा पहिला सिनेमा आला आणि बिल्बो आणि त्यातला बुटक्यांचा राजा थोरिन यांच्या प्रेमकथांचा पूर आला. टोल्कीनच्याच 'सिल्मरिलिअन'वाल्यांमध्ये माएद्रोस आणि फिंगॉन हे दोन एल्फ राजपुत्र. एल्रोसच्या बायकोवर कथा आहेत, मान्य, पण त्यांच्यापुढे त्या मूठभरच.

मधलीआळी :
तुम्ही सगळे लिहिणाऱ्यांवरच अडलात. वाचणारे त्यांच्या कितीतरी पट आहेत. एओथ्रीवर खातं न काढताही वाचता येतं आणि कौतुकाचं बटण दाबता येतं. कथेखाली वाचनांचा आकडा आणि अभिप्रायांचा आकडा शेजारी ठेवून बघा, किती लोक मुकाट वाचून जातात ते कळेल. माझ्या ओळखीतले दोन-तीन पुरुष वर्षानुवर्षं फॅनफिक वाचतात, पण मित्रांत त्याचं नावही काढत नाहीत. त्यांना कुठल्या टक्क्यात बसवायचं?

गडवाट :
हेच तर म्हणतोय मी. पुरुष आहेत, फक्त दिसत नाहीत.

चांदणवेल :
वाचणाऱ्यांत असतील, नाकारत नाही. पण रात्री मुलं झोपल्यावर तीस-तीस प्रकरणं लिहिणारे ते नव्हेत.

पाणकावळा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो माझ्या विरोधात जात नाही. टोल्कीननं जिव्हाळा, त्याग, विरह असं सगळं रंगवलं ते मुख्यतः पुरुषांमध्ये. थांगोरोद्रिमच्या कड्यावर मनगटाला जखडलेल्या माएद्रोसला फिंगॉन सोडवून आणतो, त्या तोडीचा प्रसंग दोन स्त्रियांमध्ये कुठे आहे? लिहिणारी जिथे भावना सापडते तिथे जाते.

पाणकावळा :
म्हणजे जिथे भरपूर दिलंय तिथेच गर्दी होते. मग 'नावं नाहीत म्हणून लिहितात' हे फार तर अर्धं कारण झालं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या लढवय्या एओविनवर टोल्कीननं काही कमी लिहिलेलं नाही. मग तिच्यावरच्या कथा थोरिनच्या मानानं एवढ्या कमी का, याचं उत्तर अजून तुमच्याकडून आलेलं नाही.