पत्ता मराठवाड्याचा म्हणून पेपर परत येतो? मला हे मान्य नाही

रसायनवाली_संभाजीनगर

परवा इथेच, आपल्या केमिस्ट्रीच्या फोरमवर, एका सरांनी लिहिलं: "मराठवाड्यातल्या कॉलेजचा पत्ता दिसला की एडिटर फाइल उघडतसुद्धा नाही. पोरांनो, वेळ घालवू नका, पैसे भरून छापून घ्या आणि थिसिसचं बघा." खाली पोरांनी अंगठ्यांचा नुसता पाऊस पाडला. तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ऑरगॅनिकच्या जर्नलांसाठी रिव्ह्यू करते. आपल्या भागातल्या मॅन्युस्क्रिप्ट माझ्याकडे येतात, आणि त्या पत्त्यावर पडत नाहीत, एसआयमध्ये (पेपरला जोडलेल्या डेटाच्या पुरवणीत) पडतात. प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन दाखवणारा आलेख) उघडला की पीक दिसतात: १.२६ ला ट्रिप्लेट, २.०५ ला सिंगलेट, ४.१२ ला क्वार्टेट. हे तुमचं कंपाउंड नव्हे, शुद्धीकरणाच्या कॉलममधलं सॉल्व्हंट, इथाइल ॲसिटेट आहे. नमुना व्हॅक्यूमवर नीट सुकलेला नाही. राहिलं तर राहिलं, तसं लिहा, कुणी फाशी देत नाही. पण तेच पीक मिथाइल म्हणून असाइन केलेले असतात! पॅरा-क्लोरोफिनाइल रिंगला सममितीमुळे कार्बनचे चारच सिग्नल हवेत, यादीत सहा मोजून लिहिलेले. एचआरएमएसमध्ये (रेणूचं अचूक वस्तुमान मोजायची चाचणी) कॅल्क्युलेटेड आणि फाउंड चौथ्या दशांशापर्यंत तंतोतंत एक, तेही झाडून सगळ्या कंपाउंडांना. असं कुठल्या मशीनवर येतं?

मग कव्हर लेटर. आधीच्या जर्नलनं परत केलेलं पत्र, एडिटरचं नावसुद्धा बदललेलं नाही. स्ट्रक्चर एका पानावर मोठी, दुसऱ्यावर बारीक. केमड्रॉ या स्ट्रक्चर काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एसीएस डॉक्युमेंट १९९६' ही सेटिंग एकदा लावली की बाँडची लांबी आणि अक्षरं सगळीकडे सारखी येतात, एवढंही कुणी शिकवत नाही.

पैशांचं तर साफ खोटं आहे. टेट्राहेड्रॉन लेटर्स, सिंथेटिक कम्युनिकेशन्स, जेओसी (जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री) इथे ओपन ॲक्सेस (पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला) निवडलं नाही तर लेखकाला एक रुपया लागत नाही. बाइलश्टाइनचं ऑरगॅनिक जर्नल २००५ पासून वाचकाला आणि लेखकाला, दोघांनाही फुकट आहे. आर्किव्होकही तसंच. पोरांना हे सांगायचं सोडून "पैसे भरा" सांगता?

नांदेडी_ऑरगॅनिक

मॅडम, इथाइल ॲसिटेटचं मान्य. पण पत्त्याचं तुम्ही फारच सहज उडवून लावलं. केमिस्ट्रीतल्या बहुतेक जर्नलांत रिव्ह्यूअरला लेखकाचं नाव, गाव, कॉलेज सगळं दिसतं, रिव्ह्यूअर कोण हे मात्र लेखकाला कळत नाही. अशा वेळी माणूस पत्ता बघून वाचत नाही, यावर माझा विश्वास नाही. माझ्या विद्यार्थ्याचं काम "नॉव्हेल्टी नाही" म्हणून एडिटरच्या टेबलावरूनच परत आलं. वर्षाच्या आत त्याच जर्नलमध्ये जवळपास तोच कॅटॅलिस्ट, तीच रिॲक्शन, एका मोठ्या संस्थेकडून. त्या पोराला मी काय सांगायचं?

आणि साधनांचं काय? आमचा नमुना व्हायलमध्ये भरून कुरिअरनं परगावी जातो. स्पेक्ट्रम येतो तो पीडीएफ. रिव्ह्यूअर म्हणतो एफआयडी (एनएमआर मशीनचा मूळ डेटा) द्या. सेंटरला फोन केला तर म्हणतात, जुना डेटा काढून टाकला. आता त्या पीडीएफमधलं बेसलाइन वाकडं असेल तर तो माझ्या पोराचा दोष आहे का?

रसायनवाली_संभाजीनगर

एफआयडी नमुना पाठवतानाच मागा. फॉर्मवर लिहा, रॉ डेटा ईमेलनं हवा. चंदीगडला पंजाब विद्यापीठात, लखनौला सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेत, मुंबईला आयआयटीत सैफ केंद्रं (मोठ्या उपकरणांची सामायिक केंद्रं) आहेत, बाहेरच्यांचे नमुने घेणं हेच त्यांचं काम. मागितल्याशिवाय मिळणार नाही. वशिला मोठ्या संस्थेचा चालत नाही असं मी म्हटलेलं नाही. पण तो चालतो म्हणून आपण कार्बनच्या चार सिग्नलच्या जागी सहा लिहायचे, हे कुठलं शास्त्र?

तासिकावाला_बीड

मॅडम, पर्मनंट खुर्चीत बसून हे बोलणं लै सोपं आहे. मी तासिका तत्त्वावर आहे. उन्हाळ्यात मानधन नाही, दिवाळीचं मार्चात मिळालं तरी नशीब. मुलाखतीच्या फॉर्मात पेपरमागं २ गुण. तिथं बसलेला माणूस बाइलश्टाइन हे बघत नाही, आकडा बघतो. जेओसीत पाठवला, रिव्हिजन आली, आणखी सहा कंपाउंडांचे एचआरएमएस मागितले, प्रत्येकाचे पैसे माझ्या खिशातून. तोवर जाहिरात निघून गेली. ज्यानं पैसे भरून महिन्यात छापलं तो आज माझ्यापुढं आहे. आणि तुम्ही बॉन्डच्या लांबीचं काय सांगू लाले?

रसायनवाली_संभाजीनगर

दादा, तुमच्या मानधनाचा राग माझ्यावर काढू नका, तो राग मलाही आहे. पण पैसे घेऊन महिन्यात छापणारी ती जर्नलं उद्या अंगावर येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केली, म्हणजे आता "यादीत होतं" हा आधारही गेला. २०२३ मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशन संस्थेचे हजारो पेपर मागे घेतले गेले. तुमच्या नावावर असा एक असेल तर ते २ गुण कोण टिकवणार? आणि पीएचडीसाठी पेपरची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. तरी गाइड पोरांना "दोन पेपर आणा, मगच सबमिशन" सांगतात. ही घाई लादली कुणी?

लातूरची_रिसर्च_स्कॉलर

घाईचं निघालं म्हणून लिहिते. माझ्या पेपरवर पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं, तिसरं त्या मॅडमचं ज्यांनी माझी टीएलसी प्लेटसुद्धा (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणारी पट्टी) पाहिलेली नाही. जर्नलच्या फॉर्मात प्रत्येक लेखकाचं योगदान विचारतात. त्यांच्यापुढे मी "रिसोर्सेस" लिहिलं, कारण दुसरं काही सुचेना. हा विषय कुणीच का काढत नाही?

फार्मा_वाळूज

नावांचं राहू द्या, ताई. ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बदलणार नाही. मला वेगळंच विचारायचं आहे. मी वाळूजला प्रोसेसमध्ये आहे. कामासाठी आपल्या विद्यापीठांतले पेपर वाचतो, आणि यील्डचं (हाती आलेल्या मालाच्या टक्केवारीचं) टेबल बघून हात टेकतो. ९६, ९७, ९५, ९८, ९६. रिंगवर गट नायट्रो असो, मेथॉक्सी असो, शेजारच्या ऑर्थो जागेवर असो, सगळ्यांना ९५ च्या वर. आमच्या बॅच रेकॉर्डमध्ये कुणी असं लिहिलं तर क्यूए (गुणवत्ता विभाग) त्याला बसवून वजनाच्या पावत्या मागेल. खरं सांगा, हे येतं का?

नांदेडी_ऑरगॅनिक

येतं. मल्टिकॉम्पोनंट रिॲक्शन (सगळे घटक एकाच भांड्यात) क्लीन असतात. प्रॉडक्ट बर्फात ओतला की सॉलिड पडतो, गाळायचा, इथेनॉलमधून रिक्रिस्टल करायचा. कारखान्यातल्या पाच टप्प्यांच्या सिंथेसिसशी तुलना कशाला?

फार्मा_वाळूज

सर, मग हिशेबच करू. बिजिनेली रिॲक्शन घ्या, तुमची आवडती. बेंझाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट, युरिया. प्रॉडक्टचं मॉलिक्युलर वेट २६०. तुम्ही करता १ मिलिमोलवर, म्हणजे सगळं मिळालं तरी २६० मिलिग्रॅम. ९८ टक्के म्हणजे हरवलं फक्त ५ मिलिग्रॅम. फिल्टर पेपरला चिकटलं किती? फ्लास्कच्या भिंतीला? इथेनॉलच्या मदर लिकरमध्ये (गाळून उरलेल्या द्रावात) किती राहिलं? ५ मिलिग्रॅम तर स्पॅच्युलावर राहतं. एक तर ते क्रूडचं (शुद्ध न केलेल्या मालाचं) वजन आहे, नाहीतर प्रॉडक्ट ओला आहे, नाहीतर आकडा टेबलावर बसून लिहिलाय.

नांदेडी_ऑरगॅनिक

जपून बोला. "टेबलावर बसून लिहिलाय" म्हणजे तुम्ही सरळ सरळ चोर म्हणताय. माझ्या लॅबमध्ये पोरं रात्री दहापर्यंत उभी असतात, वीज गेली की बर्फ आणायला बाहेर पळतात. त्यांच्या मेहनतीवर बोलायचा तुम्हाला अधिकार नाही.

फार्मा_वाळूज

मेहनतीवर बोललोच नाही. ५ मिलिग्रॅमवर बोललो. त्याचं उत्तर द्या.

रसायनवाली_संभाजीनगर

त्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि तो पहिल्यांदा त्यांनी विचारलेला नाही. २०१० मध्ये 'सिनलेट' या जर्नलमध्ये हडलिकी आणि वर्नेरोव्हा यांनी नेमकं हेच मोजलं. शुद्ध पदार्थ घेऊन गाळणं, एक्स्ट्रॅक्शन, कॉलम अशा प्रत्येक टप्प्यावर किती माल जातो ते वजन करून पाहिलं. नुकसान प्रत्येक ठिकाणी होतं. रिव्ह्यूअरच्या मनात हे असतं. टेबलात सगळीकडे ९५ च्या वर दिसलं की त्याचा उरलेल्या डेटावरचा विश्वास तिथेच उडतो. ८१ लिहा, ७४ लिहा, ऑर्थोला ६२ येत असेल तर ६२ लिहा, आणि स्टेरिक अडचण (शेजारच्या गटाची दाटी) असेल तर एक वाक्य त्यावर लिहा. तो पेपर जास्त खरा वाटतो, कारण तो खरा असतो.

आणि कॅटॅलिस्टच्या रिसायकलचा तो टेबल: तोच कॅटॅलिस्ट पाच खेपा वापरला, यील्ड ९६, ९५, ९५, ९४, ९३. रिॲक्शन पहिल्या खेपेला २० मिनिटांत संपते आणि तुम्ही प्रत्येक खेप २ तास चालवता. कॅटॅलिस्ट अर्धा मेला तरी यील्ड तेवढंच दिसणार. खेप अर्ध्यावर थांबवून कन्व्हर्जन (किती कच्चा माल बदलला ते) मोजा. गरम असताना गाळून (हॉट फिल्ट्रेशन) बघा, गाळलेल्या द्रावात रिॲक्शन पुढे जाते का. जात असेल तर धातू सुटतोय. हे न करता "हेटेरोजीनस, रीसायक्लेबल, ग्रीन" असं टायटल द्यायचं, आणि वर्कअपला ५० मिली इथाइल ॲसिटेट ओतायचं, मग कॉलमला लिटरभर हेक्झेन. शेल्डन यांचा ई-फॅक्टर (किलोभर मालामागे किती कचरा, तो आकडा) १९९२ पासून आहे. इंट्रोडक्शनमध्ये त्यांचं नाव असतं, टेबलात आकडा नसतो.

निवृत्त_प्राध्यापक_परभणी

दोघेही जरा शांत व्हा. नांदेडला विद्यापीठ १९९४ ला झालं. तोवर आम्ही सगळे औरंगाबादलाच. मॅन्युस्क्रिप्टच्या टाइप केलेल्या प्रती पोस्टानं परदेशी जायच्या, स्ट्रक्चर स्टेन्सिलनं काढायची, केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सचे खंड उघडून ग्रंथालयात दिवस जायचा. तेव्हा गाइड ड्राफ्ट ओळ न् ओळ वाचायचा, लाल शाईनं. माझा खरा राग यावर आहे, की आता गाइड वाचतच नाही. यील्ड ९८ आहे की ८९, हे ज्यानं सही करण्याआधी विचारायचं, तो सबमिशनच्या दिवशी नाव तपासतो. पोरांना दोष देण्याआधी हे बोला.

आणि मॅडम, साधनं नसताना काम केलेल्यांचा तुमच्या पोस्टमध्ये उल्लेखही नाही, हे मला खटकलं.

तासिकावाला_बीड

सरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. माझ्या गाइडनं माझा पेपर छापल्यावर वाचला. मॅडम ज्या चुका सांगतात त्या मला रिव्ह्यूअरनं शिकवल्या, तेही माझा पेपर परत पाठवून.

नांदेडी_ऑरगॅनिक

यील्डचं: रिक्रिस्टल केल्यावर वजन पुन्हा घ्यावं हे मान्य. आमच्याकडे बऱ्याचदा क्रूड सुकवून वजन घेतात आणि तेच लिहितात, हेही खरं. पण त्याला खोटेपणा म्हणणार नाही, ती पडलेली सवय आहे. वाळूजच्या साहेबांनी शब्द मागे घ्यावा.

फार्मा_वाळूज

"टेबलावर बसून" मागे घेतो. क्रूडचं वजन आयसोलेटेड (शुद्ध करून मिळालेलं) यील्ड म्हणून छापणं, यावरचं मत तेच आहे.

लातूरची_रिसर्च_स्कॉलर

लेखकांच्या नावांचं कुणीच बोललं नाही. ज्यांना बोलता आलं असतं ते सगळे यील्डवर भांडत बसले.

रसायनवाली_संभाजीनगर

ताई, बोलते. ज्यांनी काम केलं नाही त्यांचं नाव लेखकांत नको, आभारात टाका. फॉर्मवर "रिसोर्सेस" लिहून तुम्ही त्यांची सोय केली, पण सही तुमचीही आहे. यावर वेगळा धागा काढा, मी माझ्या नावानिशी लिहीन. गाइड लोकांना ते झोंबेल, झोंबू द्या.

परभणीच्या सरांना: साधनांशिवाय काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांचं काम एका ओल्या नमुन्यापायी परत यावं हे मला सहन होत नाही. गाइडबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ते मी मूळ पोस्टमध्येच लिहायला हवं होतं असं कुणाला वाटेल, पण मी मुद्दाम पोरांशी बोलले, कारण फाइल अपलोड तेच करतात.

ज्यांना जेओसी किंवा बाइलश्टाइनला पाठवायचंय त्यांनी सबमिशनआधी मला एसआय पाठवा. सगळी स्पेक्ट्रा बघून देईन. एफआयडीसकट पाठवा, पीडीएफ नको.

नांदेडी_ऑरगॅनिक

माझा एक विद्यार्थी या आठवड्यात पाठवेल. बिजिनेलीच आहे, नवा कॅटॅलिस्ट. यील्ड पुन्हा मोजायला मी त्याला सांगितलंय. पत्त्याबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

रसायनवाली_संभाजीनगर

नका बदलू. हॉट फिल्ट्रेशन करून पाठवायला सांगा.