सरकारी संगणकाची किल्ली कुणाच्या खिशात?

सुटे_भाग

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली आणि तेव्हापासून सोसायटीत नि नातेवाइकांत मी फुकटचा दुरुस्तीवाला झालोय. "लॅपटॉप झकास चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतोय. नवा घ्यावा लागेल का रे?" नाही घ्यावा लागत. पण या खटपटीत डोक्यात जे घोळतंय ते इथे टाकतो. तांत्रिक कमी, राजकीय जास्त. पटलं नाही तर खुशाल झोडपा.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रं बाद. (घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत आहे, पण ती मुदतच.) मामांचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह असाच आला. ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. मागचे स्क्रू काढून जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीतून सरकवत नेलं की क्लिपा कट कट सुटत जातात, जोर लावायचा नाही. डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅमचा एक स्लॉट रिकामाच होता तिथे ८ जीबीची स्टिक, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. वायफाय लगेच दिसेना, म्हणून फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट दिलं, तर ड्रायव्हर मॅनेजरने हवा तो ड्रायव्हर आपणहून उतरवला. मराठी टायपिंगसाठी आयबस या सॉफ्टवेअरमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड. मामांनी बँकेत आयुष्य काढलंय, त्यांची बोटं त्यावर पळतात. काढलेली डिस्क एका केसमध्ये घालून दिली, लग्नाचे फोटो ठेवायला. यंत्राला काहीच झालेलं नव्हतं. ते निवृत्त करायचं असं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं.

आता राजकीय. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने नायरा एनर्जीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. गुजरातेत वाडिनारला तिची वर्षाला २ कोटी टनांची रिफायनरी आहे. निर्बंध युरोपचे, सॉफ्टवेअर कंपनी अमेरिकेची, ग्राहक भारतातला, आणि भारतीय कायद्याने त्याचा काही गुन्हा नाही. तरी मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवल्या. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेत, असं नायराचं म्हणणं होतं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. रिफायनरीकडे वकिलांची फौज असते. तहसील कार्यालयाकडे काय आहे?

माझं म्हणणं सरळ आहे: सरकारी कचेऱ्या आणि शाळांत मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर आधी, म्हणजे लिनक्ससारखं, ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो; बाकीचं नाइलाज म्हणून. केंद्राचं २०१५ चं धोरण जवळपास हेच सांगतं. मुक्त स्रोत वगळायचं तर त्याचं कारण द्या, असं त्यात आहे. केंद्राच्याच सी-डॅक या संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात. आणि आपण? २००१ पासून एमएस-सीआयटी करून आपण दोन पिढ्यांना हेच शिकवलं की संगणक म्हणजे विंडोज आणि पत्र म्हणजे वर्ड.

ताळेबंद

मामांचं ठीक आहे हो, त्यांना ईमेल, यूट्यूब आणि पेन्शनचं पासबुक बघायचंय. माझ्याकडे या. इचलकरंजीत चाळीसेक यंत्रमागवाल्यांची खाती सांभाळतो. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती नाही. "वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं की" म्हणणारे जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरायच्या २० तारखेला फोन उचलत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर बसतो, मान्य. पण टोकन, जावा, ब्राउझर आणि पोर्टलची सहीची युटिलिटी या चौघांचं एकमत करायला अर्धा दिवस जातो, आणि एखादं अपडेट आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फुकट फुकट काय करता? परवान्याचे पैसे वाचतात ते माणसाच्या वेळात जातात. तुमच्या मामांना तुम्ही आहात. तहसीलदाराला भाचा कुठून आणायचा?

खडू_फळा

जिल्हा परिषदेची शाळा, म्हणून चार ओळी. यू-डायसवरची शाळेची माहिती, शालार्थवरचे पगार, सगळं ब्राउझरमध्ये चालतं, त्याला विंडोज कशाला लागतं हे मलाही कळलेलं नाही. पण आमची संगणक खोली बंद आहे ती इन्व्हर्टरची बॅटरी बसली म्हणून. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, हा प्रश्न यायला आधी वीज यावी लागते.

केरळचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. तिथे सरकारने नुसती सीडी वाटली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, शाळांसाठी वेगळी लिनक्स आवृत्ती बांधली, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतली आणि हे सांभाळायला आधी आयटी अॅट स्कूल, मग काइट अशी स्वतःची यंत्रणा उभी केली. सरकारं आलटून पालटून आली तरी ते टिकलं.

आणि एक दुखणं. आमच्याकडे प्रश्नपत्रिका अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत फिरतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की 'खालील उताऱ्यावरून' च्या जागी इंग्रजी अक्षरं नि कंसांचा कचरा. आधी हे थांबवा. मुक्त फॉन्ट ढिगाने आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' तर छापायलाही देखणा.

इसारकाठ

मी म्युनिकला राहतो, त्यामुळे हा सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाय. २००३ मध्ये नगरपरिषदेने लिनक्सकडे जायचं ठरवलं तेव्हा स्टीव्ह बाल्मर जातीने महापौर क्रिस्टियान ऊडेंना भेटायला आला होता. महापौर बधले नाहीत. २०१३ पर्यंत जवळपास १५,००० यंत्रं लिमक्सवर, म्हणजे शहराच्या स्वतःच्या लिनक्सवर, आली. मग महापौर बदलले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय शहरात आलं आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परत जायचा ठराव केला.

यात नुसता कट शोधू नका. कर्मचारी खरंच वैतागले होते. नगरपालिकेचा संगणक विभाग तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला, आणि बाहेरून आलेली कागदपत्रं उघडली की मांडणी विस्कटायची. अपयश व्यवस्थापनाचं होतं, पण बिल लिनक्सच्या नावावर फाटलं. आता उत्तरेचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य तेच करतंय, साधारण ३०,००० यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी मुक्त स्रोत लिब्रेऑफिस. फरक एवढाच की २००३ मध्ये बोलणं पैशांचं होतं, आता सार्वभौमत्वाचं आहे. पैशांची बचत पुढचं सरकार सहज खोडून काढतं. भीती तितकी सहज खोडता येत नाही.

देशी_कापूस

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? केंद्र सरकारची ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या सेवेवर गेली, गृहमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःचा झोहोचा पत्ता जाहीर केला. कंपनी चेन्नईची, कर इथे भरते, न्यायालय इथलं. नायरासारखं कुणी केलंच तर मंत्रालयातून एक फोन जाईल आणि तासाभरात सेवा सुरू. तुमचं लिनक्स तरी कुठे स्वर्गातून पडलंय? ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांचं कारण देऊन रशियाच्या दहा-बारा लोकांची नावं लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, देखभाल करणाऱ्यांच्या (मेंटेनर) यादीतून काढली आणि लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्सने त्याचं समर्थन केलं. २०१९ मध्ये गिटहबने, म्हणजे जगभरचे लोक कोड ठेवतात त्या साइटने, इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांची खाती मर्यादित केली होती. मुक्त स्रोतालाही पासपोर्ट असतो, साहेब.

सुटे_भाग

@देशी_कापूस, रशियाचं उदाहरण बिनतोड आहे आणि माझ्या बाजूचे लोक ते मुद्दाम विसरतात. कर्नलचं काम अमेरिकी कायद्याच्या सावलीत चालतं, यात वाद नाही. पण नंतर काय झालं तेही बघा. नावं गेली, सोर्स कोड गेला नाही. मॉस्कोतला एकही लिनक्स सर्व्हर त्या दिवशी बंद पडला नाही. ज्यांना वगळलं त्यांच्याकडे शेवटच्या ओळीपर्यंत सगळं आहे, उद्या वेगळी चूल मांडायची तर मांडतील. अवघड जाईल, कदाचित जमणारही नाही, पण कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.

तुमच्या त्या 'एका फोन'ने मात्र माझी झोप उडते. मंत्रालयातून फोन गेल्यावर सेवा तासात सुरू होत असेल, तर तशाच फोनवर ती बंदही होते. कुणाची? विरोधी पक्षाची, एखाद्या वर्तमानपत्राची, आंदोलन करणाऱ्या शेतकरी संघटनेची. सॉफ्टवेअर चेन्नईचं असावं याला माझा विरोध नाही, उलट अभिमानच आहे. पण आत काय चाललंय ते बघता येत नसेल, तर मालकाचा पत्ता बदलून माझ्यासारख्या नागरिकाच्या पदरात काय पडतं?

@ताळेबंद, टॅलीवर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही विंडोजच ठेवा. मी तुमच्या कचेरीबद्दल बोलत नाहीये, करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या कचेरीबद्दल बोलतोय.

देशी_कापूस

फोनवर बंद करायचंच असेल तर सरकार इंटरनेटच बंद करतं, त्याला सॉफ्टवेअर कुठलं याचं काय पडलंय? काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून कित्येक महिने बंदच होतं ना. तिथे तुमच्या मिंटने काय दिवे लावले असते? सरकारची भीती असेल तर सरकारशी भांडा, निवडणुकीत, कोर्टात. ऑपरेटिंग सिस्टीम बदलून लोकशाही येत नसते.

इसारकाठ

हा मुद्दा मात्र कापसाला. +१.

ताळेबंद

तुम्ही दोघं तत्त्वावर भांडताय, मी कागदावर येतो. सरकारी कामाच्या निविदा मी ग्राहकांसाठी वाचत असतो. त्यात सर्व्हर किती ताकदीचा, अनामत किती, विलंबाचा दंड किती, सगळं असतं. करार संपल्यावर डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत द्यायचा, हे एक तर नसतं, नाहीतर 'परस्पर संमतीने' अशा गुळमुळीत शब्दांत असतं. माझ्या ओळखीच्या एका पतसंस्थेचं असंच झालं. सॉफ्टवेअरवाला देशीच, गावचाच. करार मोडल्यावर त्याने खात्यांची माहिती दिली ती पीडीएफमध्ये. हजारो पानं. दोन मुली उन्हाळाभर बसून ती परत टाइप करत होत्या.

तेव्हा सरकारने लिनक्स घ्यावं की झोहो घ्यावं की विंडोज, मला घेणं नाही. निविदेत एक कलम घाला: सगळा डेटा खुल्या, प्रमाणित स्वरूपात, मागितल्यापासून १५ दिवसांत, आणि तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. बिल अडकलं की देशी असो वा विदेशी, सगळे सरळ येतात. हे कलम घालायला धोरण लागत नाही, खरेदी विभागातला एक जागा माणूस पुरतो.

खडू_फळा

आणि त्याच निविदेत बॅटरी बदलून द्यायचंही एक कलम घाला, मी अनुमोदन देतो.

सुटे_भाग

@ताळेबंद, मसुदा लिहून टाका इथेच. १५ दिवस कमी पडतील असं मला वाटतं, मोठ्या खात्याच्या डेटाला महिना तरी द्यावा लागेल. आणि 'खुल्या स्वरूपात' एवढंच लिहिलं तर पीडीएफही खुलं प्रमाणच आहे म्हणून तोच माणूस पुन्हा हजारो पानं पाठवेल. ओळी-रकाने शाबूत राहतील असं काहीतरी लिहावं लागेल, सीएसव्ही किंवा ओडीएस, नाव घेऊन.