टाइमआउटमध्ये जीभ राखीव पोराची, फाऊल कोचला: पटतंय का?

बेंचवरचा_दादरकर: काल शाळांचा बास्केटबॉल सामना पाहिला. टाइमआउट चालू असताना एक राखीव पोरगा बाटली भरायच्या निमित्ताने थेट समोरच्या बेंचपुढून गेला आणि त्यांच्या कॅप्टनला डिवचून आला. टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाचा) मिळाला, योग्यच. पण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमाने तो स्कोअरशीटवर कोचच्या नावापुढे ‘बी’ म्हणून चढतो. असे ३ झाले की कोच बाहेर. हेच कोर्टवरच्या पाचांपैकी कोणी बोललं असतं तर फाऊल त्याचा स्वतःचा, वर टीम फाऊलमध्येही (संघाच्या एकूण फाऊलमध्ये) धरला असता. आणि हाच राखीव दोन क्वार्टरांच्या मध्ये बोलला असता तरी त्याच्याच खात्यात गेला असता, कारण तेव्हा खेळायला पात्र असलेल्या सगळ्यांनाच ‘खेळाडू’ मानतात. मग टाइमआउटलाच वेगळा न्याय का?

नागपाडा_जुना: बेंच कोचच्या ताब्यात असतो म्हणून. आमच्याकडे कोच नुसता वळून बघायचा, पोरं गप्प.

बेंचवरचा_दादरकर: १ मिनिटाचा टाइमआउट. कोच पाटीवर डाव आखणार की कोण कुठे फिरतंय ते बघणार?

शिट्टीवाली: शालेय सामन्यांत रेफरी असते म्हणून सांगते. टाइमआउटमध्ये आम्ही सहसा स्कोअररच्या टेबलाच्या समोरच्या बाजूला थांबतो. कोच पोरांना काय बोलतात ते ऐकायला जवळ जायचं नाही. मुंबईतल्या बेंचवरची प्रत्येक शिवी धरली तर सामना संपायचाच नाही! किरकोळ, नकळत घडलेल्याला आधी ताकीद देण्याची मुभा नियमातच आहे. पण दुसऱ्याच्या बेंचपर्यंत चालत जाणं नकळत होत नाही. आणि खरी खुन्नस टाइमआउटची ५० सेकंदं झाल्याचा भोंगा वाजल्यावर निघते, दोन्ही संघ खांद्याला खांदा घासत कोर्टवर येतात तेव्हा. त्या वेळी आपण मध्ये उभं राहिलं तर बऱ्याचदा शिट्टीची गरजच पडत नाही.

पालक_माटुंगा: शिक्षा तरी केवढी? १ फ्री थ्रो, मग खेळ थांबला होता तिथून सुरू. एवढ्याला पोरं भीक घालत नाहीत.

नागपाडा_जुना: पोरं नसतील घालत, कोच घालतो. तिसऱ्या ‘बी’ला बाहेर जायचंय कोणाला?

बेंचवरचा_दादरकर: म्हणजे पोरगा मोकळाच. काल तोच पुढच्या मिनिटाला खेळायला उतरला, त्याच्या नावापुढे एकही फाऊल नाही.

शिट्टीवाली: उतरवला कोणी? कोचनेच ना?